कोंबडा छापवाली जयाक्का

जयाक्काचा बावीस हजारांचा चाकू मी चाळीस मिनिटांत आठशे रुपयांवर आणला. त्यातली वीस मिनिटं चिंच भिजवण्यात गेली, म्हणजे खरं नुकसान वीसच मिनिटांत झालं.

दिवस खंडेनवमीचा. आमच्या निपाणीत त्या दिवशी हत्यार म्हणून घरात-दुकानात जे काही असेल ते घासूनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. शेतकरी विळे-कोयते मांडतो, गवंडी थापी मांडतो. माझं दुकान मोबाईल दुरुस्तीचं. मी बारीक पेचकस मांडले, चिमटे मांडले, सोल्डरिंगची बंदूक मांडली. तरी पाट कसा रिकामा रिकामा दिसत होता. हत्यारांत एखादं तरी हत्यार दिसायला पाहिजे की नको? तेवढ्यात ड्रॉवरमधला जयाक्काचा चाकू आठवला. फोटो काढून विकायला तिनं तो माझ्याकडं दिला होता. सौदा ठरला होता आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईक बेळगावहून न्यायला येणार होतं. चाकू बघितला तर काळाकुट्ट. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर कुणी पारोसं बसतं का?

चिंच आणि राख लावून घासला. थोडा उजळला. उजळल्यावर मोह वाढला. मागच्या गल्लीत शामू भांड्यांना पॉलिश करतो, त्याच्याकडं नेला. त्यानं बफच्या चाकावर धरला आणि आरसा करून हातात दिला. सणाचा दिवस म्हणून पैसेही घेतले नाहीत. पात्यात माझं तोंड मिशीच्या केसांसकट दिसत होतं. तिथं माझ्या तोंडाऐवजी एक कोंबडा दिसायला हवा होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

हा कोंबडा कोण, ते सांगतो.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागं मारुतीराव म्हणून एकांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं घडीचे चाकू बनायचे. चार बोटांचं पातं, लाकडी मूठ आणि पात्याच्या बुडाशी कोंबड्याचा ठसा. वखारीतले हमाल त्यानं तंबाखूच्या बोदाची, म्हणजे गोणपाटाच्या गाठोड्याची, शिवण उसवायचे, गुऱ्हाळवाले गुळाच्या ढेपेवरचं कापड कापायचे, आणि रिकामटेकडे ऊस सोलायचे. किंमत पंचवीस रुपये, शेवटी शेवटी साठ. दोन हजार चार साली जत्रेत दहा रुपयांचे चकचकीत परदेशी चाकू आले, मारुतीरावांचं वय झालं आणि शेडाला कुलूप लागलं. पुढं पंधरा वर्षं कोंबडा छापला कुणी विचारलं नाही. घराघरांत तो डब्यांची झाकणं उचकटायला आणि शेगडी खरवडायला उरला.

मग लॉकडाऊन आला आणि लोकांच्या हातात वेळच वेळ आला. बेळगावात टिळकवाडीला आदर्श नावाचा एक इंजिनिअर राहतो. त्यानं घरबसल्या जुन्या चाकूंचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. आवाज असा की त्यानं किराणा मालाची यादी वाचली तरी अंगावर काटा यावा. "बंद पडलेली वस्तू पुन्हा बनत नाही, मित्रांनो," एवढं एक वाक्य तो प्रत्येक व्हिडिओत म्हणायचा, आणि साठ रुपयांचा चाकू सहाशेला गेला, सहाशेचा सहा हजारांना. मग लोक कोंबड्याची पिसं मोजायला लागले. शेपटीला तीन पिसं असली तर अठरा हजार, चार असली तर बावीस. चार पिसांचे चाकू फक्त दोनशेच बनले होते म्हणे, तेही कुणा संस्थानिकाच्या खास मागणीवरून.

मी हे जयाक्काला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पायाखालचं चाक थांबलं.

"संस्थानिक कुठला रं! ठसा तडकलेला. मारुतीराव नवा आणायला पैसं काढंनात. चौथं पीस न्हवं ते, भेग हाय भेग!"

"आक्का, हात जोडतो," मी म्हणालो, "हे बाहेर कुणाला सांगू नको."

जयाक्का माझ्या दुकानाच्या पायरीशी बसते. पायानं चालवायचं धारेचं चाक, पाण्याचं डबडं आणि डोक्यावर फाटकी छत्री. वय त्रेसष्ट. मारुतीरावांच्या शेडात तिनं वीस वर्षं काढली आणि शेवटची बारा वर्षं तिथला प्रत्येक चाकू तिच्या हातून बाहेर पडला. चाकू मिटताना आणि उघडताना 'टक्' असा आवाज येतो ना, तो बसवायचं काम तिचं. शेड बंद झालं तेव्हा आठवण म्हणून एक चार पिसांचा कोंबडा तिनं मागून घेतला होता. गुडघे चाक मारून मारून गेलेत, तर तो विकून मोटरचं चाक घ्यावं, असा तिचा हिशेब.

तिच्या धंद्याची एक रीत आहे. आठवड्याच्या बाजाराला तवंदी, अक्कोळ, कोगनोळी अशा आसपासच्या गावांतल्या बायका येतात, सकाळी विळी-खुरपी तिच्यापुढं टाकतात आणि बाजाराला जातात. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. पन्नास हत्यारं एका ढिगात पडलेली असतात. संध्याकाळी बाई आली की जयाक्का वर न बघता त्यातलं नेमकं तिचं काढून देते आणि चाळीस रुपये घेते. लोखंडाला चेहरा असतो, असं तिचं म्हणणं. मला अजून माणसांचेच लक्षात राहत नाहीत.

तर दसरा झाला आणि आदर्श आला. पांढरी गाडी, पांढरे हातमोजे, हातात भिंग. मी ऐटीत चाकू पुढं केला. त्यानं एक बाजू बघितली, दुसरी बघितली, आणि पुन्हा पहिली.

"हा कुठला चाकू?"

"तोच की. जरा साफ केला."

"फोटोत कोंबडा होता."

"घासताना गेला असणार."

"असं कसं जाईल?" त्याचा तो गाजलेला आवाज बाजारात चांगलाच घुमला. "म्हणजे फोटो खऱ्याचा दाखवायचा आणि हातात भलताच द्यायचा!"

जयाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "साहेब, ह्योच चाकू. पोरगं बावळट हाय, खरं चोर न्हवं. माझ्याच हातचा हाय ह्यो."

"तुमच्या हातचा म्हणजे?"

"म्हंजे मीच बनवलेला. शेडात."

आदर्श तिच्याकडं बघून दयाळूपणे हसला. "मावशी, कोंबडा छापचे कारागीर संस्थानच्या शस्त्रागारातले होते. मी त्यावर सोळा मिनिटांचा व्हिडिओ केलाय."

सोळा मिनिटांपुढं वीस वर्षांचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी सतरावं मिनिट आलं, म्हणजे नवा व्हिडिओ. 'निपाणीतली चाकू बदलणारी बाई.' त्यात जयाक्काचा चेहरा, तिचं चाक, फाटकी छत्री आणि मागं माझ्या दुकानाची पाटी. चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितला. पाटी दिसली म्हणून माझ्याकडं दोन फोन दुरुस्तीला आले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बावीस हजार बुडाले त्याचं जयाक्कानं अवाक्षर काढलं नाही. पुढच्या बाजाराला तवंदीची बाळाबाई आली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिनं विळी दिली आणि तिथंच दगडावर बसली.

"जा की गं, बाजार करून ये," जयाक्का म्हणाली.

"न्हाय, बसते की हितंच."

"कधी बसली न्हाईस ती?"

बाळाबाईनं पदर चाळवला. "पोरगं म्हणालं, समोर धार लावून घे. आजकाल बदलत्यात म्हणं."

जयाक्कानं विळीला धार लावली. चाळीस रुपये घेतले. बाळाबाईनं उठता उठता विळी उलटीपालटी करून बघितली. त्या दिवशी ढीग झालाच नाही. प्रत्येक बाई आपापल्या विळ्याशेजारी पोलिसासारखी बसून होती. तिन्हीसांजेला जयाक्का माझ्या काउंटरशी आली.

"बावीस हजार गेलं, तुला काय बोलले काय मी?"

"न्हाय."

"आता बोलते."

आणि ती पाव तास बोलली. ते शब्द मी इथं लिहीत नाही, हे माझी आई वाचणार आहे. शेवटी ती दमून स्टुलावर बसली. "पैसं जाऊ देत चुलीत. बाळाबाईनं इळी उलटून बघितली रं सौरव. माझ्या हातातनं घेऊन उलटून बघितली."

"सिद्ध कसं करायचं, आक्का? ठसाच गेला."

"ठसा वरनं असतोय. आत काय हाय ते इचार की."

मग तिनं जे सांगितलं ते मारुतीरावांनाही ठाऊक नव्हतं. मुठीच्या आत एक कमान असते, ती पात्याला धरून ठेवते. मारुतीरावांच्या मुठी हातानं कोरलेल्या, त्यामुळं खाच कधी सैल, कधी घट्ट. सैल खाचेत कमान डुगडुगायची. एकदा संकेश्वरकडचा एक गुऱ्हाळवाला बोटाला फडकं गुंडाळून शेडात आला. चाकू आपोआप मिटला होता आणि करंगळीचं पेर जाता जाता राहिलं होतं. मारुतीरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. जयाक्कानं मात्र त्या दिवसापासून प्रत्येक चाकूत कमानीच्या बुडाखाली पत्र्याची एक बारीक पाचर सरकवायला सुरुवात केली. पत्रा कुठला, तर घरच्या गोडेतेलाच्या डब्याचा. मालकाला सांगितलं असतं तर वेळ वाया घालवतेस म्हणून ओरडले असते. म्हणून गुपचूप.

"सगळ्यांत?"

"बारा वर्सांतल्या सगळ्यांत. आधीचं चाकू लोकांनी वापरून मोडलं. आता जे उरल्यात, ते माझंच."

गोष्ट भारी होती, पण ती बघायची तर पातं आणि मूठ जोडणारं रिबिट ठोकून काढायला पाहिजे. आणि त्या मंडळींच्या जगात रिबिट हललेला चाकू म्हणजे बाटलेला. कोण उघडू देणार?

इथं पारमिताचं नाव आलं. ती आमच्याच निपाणीची, आता बेळगावात बँकेत अधिकारी आहे. तिचे आजोबा भीमाप्पा वखारीत हमाल होते आणि त्यांचा कोंबडा छाप तिच्याकडं होता, म्हणून ती या मंडळींच्या ग्रुपमध्ये. व्हिडिओ आल्यावर आख्ख्या ग्रुपात तिनं एकटीनं मला विचारलं होतं, 'त्या बाई खरंच शेडात कामाला होत्या का?' मी तिला फोन केला. ती म्हणाली, "रविवारी टिळकवाडीत सगळे भेटतात. घेऊन या त्यांना. बोलायला तरी मिळेल."

रविवारी सकाळी आम्ही बेळगावची बस धरली. जयाक्काच्या पिशवीत हातोडी, रिबिट काढायचा पंच, पितळेच्या तारेचे तुकडे आणि ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायला बघितली, ती सरकेना. आत काय आहे, म्हणून त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"कब्बिणा," जयाक्कानं खणखणीत सांगितलं. लोखंड.

कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट लागत नाही, लोखंडाला लागतं. ते मी काढलं.

बैठक एका हॉटेलच्या माडीवर होती. वीस-बावीस माणसं, प्रत्येकापुढं मखमलीचा रुमाल आणि त्यावर चाकू. कुणी बोटानं शिवत नव्हतं, सगळे मान तिरपी करून बघत होते. मध्यभागी आदर्शची काचेची पेटी. त्यात त्याचा मुकुटमणी, दोन्ही बाजूंनी कोंबडा असलेला चाकू. पंच्याऐंशी हजारांना घेतलेला. जयाक्कानं काचेला नाक लावून तो बघितला आणि एवढंच म्हणाली, "हं."

आदर्शनं तिला ओळखलं. "इथे कशाला आणलंत यांना?"

"मीच बोलावलंय," पारमिता म्हणाली. "दहा मिनिटं ऐकायला कुणाची हरकत आहे?"

हरकत घेण्याआधीच जयाक्कानं टेबलावर टॉवेलची घडी टाकून त्यावर रूळ ठेवला होता. तिनं आपला तो आरशासारखा चाकू काढला, रिबिटावर पंच धरला आणि तीन ठोके मारले. टेबलावरच्या कॉफीच्या कपांनी उड्या घेतल्या. रिबिट निघालं. तिनं नखानं कमान उचलली आणि खालून पत्र्याची बारीक कपची काढून रुमालावर ठेवली. पत्र्यावर पिवळ्या रंगाचा टिपका होता.

"गोडेतेलाचा डबा," ती म्हणाली. "मी घातलेली पाचर. ठसा ह्या पोरानं घालवला, ही कोण घालवतंय?"

आदर्शनं भिंग लावलं. खरं बोलायचं तर त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "ही तुम्ही काल घातली नसेल कशावरून?"

"बरं. मग तुमचा उघडा."

बावीस हात बावीस चाकूंवर गेले.

"रिबिट काढलं की निम्मी किंमत जाते, मावशी," एकजण म्हणाला.

"माझा तर न वापरलेला आहे," दुसरा.

"माझ्यावर हप्ते चालू आहेत," तिसरा.

पारमितानं पर्समधून चाकू काढला. मखमल नाही, नुसता हातरुमाल. "माझा उघडा."

"अगं, अठरा हजारांचा आहे तो!" आदर्श म्हणाला.

"मला तो विकायचाच नाही. मग किंमत कमी झाली तर कुणाचं काय जाणार आहे?"

अठरा हजार, बावीस हजार, पंच्याऐंशी हजार, सगळे आकडे विकणाऱ्याचे होते. जी विकणारच नव्हती तिला एकटीलाच आपला चाकू उघडून बघायची मुभा होती.

जयाक्कानं तो हातात घेतला. ठोकायच्या आधी तिनं मुठीवरून अंगठा फिरवला आणि चाकू कानाशी धरून एकदा उघडमिट केली.

"ही मूठ बाभळीची हाय. एक साल शिसव मिळत न्हवतं, तवा आमी बाभूळ लावलती. त्या साली घरात दुसरं तेल यायचं, त्याचा डबा हिरवा. ह्यात हिरवी पाचर असणार बघा."

"आणि नसली तर?" आदर्शनं विचारलं.

"तर मी निपाणीत पुन्ना चाकावर बसणार न्हाय."

ऐंशी वेळा सांगितलं होतं, आक्का, पैज लावू नको. तीन ठोके. कप पुन्हा उडाले. जयाक्कानं कमान उचलायला नख घातलं, पण वीस-पंचवीस वर्षांचा मळ बसलेला, काही केल्या हलेना. तिनं त्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडला, वाट बघितली, आणि पुन्हा नख घातलं. कपची सुटून रुमालावर पडली. काळी.

आदर्श श्वास सोडणार तेवढ्यात पारमितानं ती रुमालाच्या टोकानं पुसली.

हिरवी. पानासारखी हिरवी, आणि कडेला कुठल्याशा अक्षराची अर्धी शेपटी.

आधी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. गडहिंग्लजचे एक दाढीवाले डॉक्टर उठून उभेच राहिले. जयाक्काचं मात्र लक्षच नव्हतं. तिनं कपची जागेवर सरकवली, पितळेची तार घालून तिचं टोक हलक्या हातानं गोल ठोकलं, आणि चाकू मिटून उघडला. टक्! पार कोपऱ्यातल्या माणसानं मान वर केली.

पारमितानं चाकू दोनदा, तीनदा मिटवून बघितला. "हा एवढा ढिला होता. मला वाटायचं असाच असतो."

"वीस वर्सं कुणी तेलाचा थेंब सोडला न्हाय त्यात. आजानं सांगितलं न्हवतं व्हय?"

पारमिता शाळेतल्या पोरीसारखी ओशाळली आणि मग खळखळून हसली.

त्यानंतर डॉक्टरांनी आपला पुढं केला. मग हप्तेवाल्यानं. जेवणाच्या वेळेपर्यंत नऊ चाकू उघडून झाले. सातांत पाचर निघाली आणि प्रत्येकाचा रंग तिनं आधी सांगितला. दोनांत काहीच नव्हतं. त्या दोघांनी चाकू खिशात घातले, हिशेब चुकता केला आणि उप्पीट अर्धं टाकून जिना उतरले. उरलेले सगळे हळूहळू आदर्शच्या काचेच्या पेटीकडं बघायला लागले.

"माझ्याकडे सर्टिफिकेट आहे," आदर्श म्हणाला.

"कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

आदर्शनं पेटीची काच रुमालानं पुसली. "माझंच."

पेटी काही उघडली नाही. परतीच्या बसमध्ये मी जयाक्काला विचारलं, "त्यो दोन्ही बाजूंच्या कोंबड्याचा खरा हुता काय गं?"

"मला काय म्हाईत? उघडला न्हाय न्हवं," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून संकेश्वर येईपर्यंत हसत होती.

पुढं जे झालं ते या बाजाराच्या स्वभावाला धरूनच झालं. महिन्याभरापूर्वी रिबिट हललेला चाकू बाटलेला होता, आता न हललेला संशयित झाला. 'जयाबाईंनी उघडलेला' अशी जाहिरात लागली की पाच-सहा हजार जास्त. बेळगाव, कोल्हापूर, हुबळीहून माणसं आमच्या पायरीशी यायला लागली. मखमलीचा रुमाल मांडीवर घेऊन, तवंदी-कोगनोळीच्या बायकांच्या रांगेत, पुढच्या खुरप्याची धार होईपर्यंत थांबायला लागली. मी सुचवलं, उघडायचे पाचशे घे. जयाक्का म्हणाली, "इळ्याला चाळीस, चाकूला बी चाळीस. ठोकायचंच हाय न्हवं?"

आदर्शनं व्हिडिओ काढून टाकला आणि नवीन टाकला. माणूस वाईट नाही, हे मला त्या दिवशी पटलं. सोळा मिनिटं नाही, दोनच मिनिटं बोलला, पण आवाज न चढवता. 'कोंबडा छाप चाकू निपाणीच्या जयाबाईंनी बनवले. मी त्यांना खोटं म्हणालो. खोटा मी होतो.' बाळाबाईच्या पोरानं तो तवंदीत घरोघरी दाखवला. पुढच्या बाजाराला बाळाबाई आली, विळी, खुरपं आणि एक कोयता ढिगात टाकला आणि मागं न बघता बाजाराला निघाली. चार पावलं जाऊन थांबली.

"जया, संध्याकाळी उशीर हुईल गं. ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच, उद्या नेते."

"ऱ्हाऊ दे की," जयाक्का म्हणाली, आणि मग तिनं चाक असं काही फिरवलं की ठिणग्या माझ्या काउंटरपर्यंत आल्या.

तिचा स्वतःचा चाकूही विकला गेला. ठसा नसलेला, आरशासारखा. कोंबडा जिथं होता त्या रिकाम्या जागी तिनं बेळगावहून अक्षराचा पंच आणून 'ज' ठोकला. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी चाळीस हजार मोजले. जगात असा एकच आहे म्हणे. दारात मोटरचं चाक आलं. आता ती खुर्चीवर बसून बटण दाबते आणि गुडघ्यांना विचारते, काय रं, बरं वाटतंय का?

मी एकदा जरा छाती काढून म्हणालो, "बघ आक्का, मी घासला म्हणून बावीसचं चाळीस झालं."

"व्हय की. आणि शामूनं पुसला म्हणून. त्याला निम्मं दिऊया, आणि उरलेल्या निम्म्यात तुला चिंच घिऊन दिते."

गेल्या आठवड्यात आदर्श पुन्हा आला. यावेळी हातमोजे नव्हते. बायकोला, ऋतिकाला, सोबत घेऊन आला होता. शर्टाच्या खिशात काहीतरी जड होतं आणि त्याचा हात सारखा तिकडं जात होता. जयाक्कानं बघितलं, विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही. शेवटी ऋतिकानंच पिशवीतून घरची भाजी चिरायची सुरी काढली. "हिला धार लावून द्या हो. एवढे चाकू घरात, आणि टोमॅटो चिरायला एक धड नाही."

जयाक्कानं सुरीला धार लावली, अंगठ्यानं बघितली आणि रुमालात गुंडाळून दिली. आदर्शनं फोन काढला. जयाक्का फोनवर पैसे घेत नाही आणि त्याच्या पाकिटात सुटे काय, नोटच नव्हती. मी देऊ लागलो तर जयाक्कानं डोळे मोठे केले.

"पुढच्या वेळी नक्की देतो, मावशी," आदर्श गाडीतून म्हणाला.

त्या चाळीस रुपयांची आठवण करायला मी तिला दोनदा त्याचा नंबर लावून दिला. दोन्ही वेळा तिनं फोन बंद केला. तिचं म्हणणं, पैसे मागून घेतले तर तो परत कशाला येईल, आणि परत आलाच नाही तर त्याच्या खिशातला तो दोन कोंबड्यांचा चाकू उघडणार कोण?